वीस पावलांची गाडी

“ही नको. ही बदबदते.”

“अहो बाबाजीकाका, गाडी आहे ती, कलिंगड नाही. वाजवून काय बघताय?”

“वाजवल्याबिगर मी दगड घेत नाय, मंग गाडी कशी घेनार? ही बग, हिला टिचकी मारली का टक् करते. आनि ही तुजी महागाची, ही बद् करते. हिचा पत्रा पातळ हाय.”

“पत्रा नाही, प्लास्टिक आहे.”

“मंग प्लास्टिक पातळ हाय.”

रत्नागिरीच्या बाजारात शुभंकरचं खेळण्यांचं दुकान आहे. मे महिन्यातली दुपार, गिऱ्हाईक दुसरं नाही, आणि काउंटरवर रिमोटच्या पाच गाड्या मांडून बाबाजी तांबे अर्धा तास उभा. अंगावर धुतलेला सदरा, पण कानांच्या वळ्यांत जांभ्या चिऱ्याची तांबडी धूळ बसलेली. ती साबणानं जात नाही. दुसरा कोणी असता तर शुभंकरने एव्हाना गाड्या खोक्यात भरल्या असत्या. पण त्याचं दोन मजली घर बाबाजीने निवडून दिलेल्या चिऱ्यांचं होतं, आणि चौदा वर्षांत त्यातला एकही चिरा झिजला नव्हता.

“नात कितवीत आहे?”

“तिसरीत गेली. परवा आलीय मुंबैवरनं. रिमोटची गाडी पायजे बोलते. आजी बोलली, पोरीच्या जातीला गाडी कशाला, भातुकली आना. तं पोरगी बोलते, भातुकली तू खेळ.”

शुभंकर हसला आणि त्याने वरच्या फळीवरून सगळ्यात मोठी गाडी काढली. रबरी चाकं, काळी, बैलासारखी रुंद. “ही न्या. अजिबात आवाज नाही. आणि रेंज बघा, शंभर मीटर.”

“शंभर मीटर म्हंजे किती पावलं?”

“सव्वाशे तरी.”

“नको.”

“नको? लोक भांडतात काका रेंजसाठी.”

“भांडू दे. मना वीस पावलांवर बंद पडनारी दे.”

शुभंकरने हातातली मोठी गाडी खाली ठेवली. वीस वर्षांत असं गिऱ्हाईक त्याने पाहिलं नव्हतं. बाबाजीने काउंटरच्या काचेवर बोट ठेवलं. “हा माजा दरवाजा. हितनं पंचवीस पावलांवर गडगा.” बोट सरकलं. गडगा म्हणजे चिरे नुसते एकावर एक रचून केलेली कुंपणाची भिंत, कंबरेएवढी. “गडग्याच्या पल्याड सहा पावलांवर खानीची कड. कडेखाली तीस फूट. तुजी गाडी शंभर मीटर धावली, तं पोरगी तिच्या मागनं धावनार. पोरा गाडीकडं बगतात, पायाकडं नाय बगत.”

शुभंकरचं हसू गेलं. त्याने खालच्या कप्प्यातून एक पिवळी गाडी काढली. टणक प्लास्टिकची चाकं, पुढे दोन दिवे, पेन्सिल सेलवर चालणारी. “ही आहे. पण ही फार खडखड करते. दोन गिऱ्हाइकांनी परत आणून दिली.”

“खडखडते ता बरा हाय. पोरगी कुठं हाय ता आजीला चुलीपाशी बसून कळंल. मुकी वस्तू मना नको.”

मग भर बाजारात परीक्षा झाली. शुभंकर पायरीवर रिमोट घेऊन उभा, आणि बाबाजी गाडीच्या बाजूने पावलं मोजत चाललेला. स्कूटरवाले हॉर्न मारत होते, एकाने विचारलं, “आजोबा, लायसन आहे काय?” बाबाजीने मान वर केली नाही. एकोणिसाव्या पावलाला गाडी अडखळली. एकविसाव्याला थांबली, ती थांबलीच. शुभंकरने बटण दाबून अंगठा पांढरा केला, तरी हलेना.

“बेस,” बाबाजी म्हणाला. “गडग्याच्या चार पावलं अलीकडं मरते. हीच दे.”

*

रत्नागिरीहून पावसकडे जाताना डाव्या हाताला चढ चढला की सडा लागतो. कातळाचं पठार, मैलभर सपाट, उन्हाळ्यात तव्यासारखं. खाली उतारावर कलमांच्या बागा, माड, पाणी; ते ज्यांचं त्यांचं. वरचा कातळ तेवढा कोणाला नको होता म्हणून त्याच्या कडेला बौद्धवाडी बसली. पुढे घरबांधणीला चिऱ्याचा भाव आला आणि त्याच कातळाला खाणमालक मिळाले. बाबाजी सोळाव्या वर्षी खाणीत उतरला. तेव्हा टिकावाने चिरा काढीत. नंतर रुळावरून सरकणारं कटर मशीन आलं, आणि खाणीत बेचाळीस वर्षं भरेपर्यंत त्या मशीनने त्याचा डावा कान खाल्ला. उजवा मात्र राहिला, आणि उजव्याने दोघांचं काम उचललं.

कातळ वाजवायचा, ही त्याची विद्या. पहारीचं टोक दगडावर टाकायचं आणि ऐकायचं. खण् आलं तर चिरा पक्का. ठस् आलं तर आत माती. आणि बद् आलं तर तिथून निघायचं, डबा राहिला असेल तर राहू दे. बारा वर्षांमागे लवू नावाचा गडी, चिरे गाडीत भरणारा, जेवायला कडेखालच्या सावलीत बसला होता. बाबाजीने वरून पहार टाकली, ऐकलं, आणि खाली येऊन लवूला बखोटीला धरून ओढलं. शिव्या द्यायला लवूने तोंड उघडलं तोवर सावली होती ती जागा बैलगाडीएवढ्या दगडाखाली गेली. लवूची भाकरी अजून तिथेच आहे.

तो लवू कुणबी, देवाधर्माचा. दरवर्षी खाण सुरू करायच्या आधी मालक जागेच्या राखणदाराला, जमीन राखणाऱ्या देवाला, कोंबडा देतो, तेव्हा लवू पुढे असतो. बाबाजीच्या बापाने छप्पन साली देव उतरवले ते उतरवलेच, म्हणून बाबाजी लांब उभा राहून कड वाजवीत बसतो.

“राखन झाल्याबिगर खान वाजवतंस,” लवू म्हणायचा. “एक दिस तुला धरील तो.”

“धरनार असंल तं उजव्या बाजूनं ये म्हनाव. डाव्यानं मना आयकू येत नाय.”

गेल्या वर्षी, पावसाच्या आधी, मालकाने त्याला गडग्याकडे नेलं. तेव्हा कापत होते त्या बाजूचा दगड भुसभुशीत निघत होता. “बाबाजी, तुझ्या घराकडची ही बाजू किती कापता येईल, ते तूच सांग. तुझ्या शब्दाबाहेर मी जाणार नाही.” बाबाजीने पहार टाकली. खण्. असा खणखणीत दगड दहा वर्षांत लागला नव्हता. त्याने अंगठा-तर्जनीत चुना घेतला आणि गडग्यापासून सहा पावलं सोडून रेघ ओढली. “हितवर कापा.” ती ओढताना त्याची छाती वीतभर फुगली होती, हे लवूने पाहिलं होतं.

रेघेपर्यंत कापलं गेलं. वरच्या कठीण दगडाखाली मऊ पिवळट माती लागली. ती सड्याखाली सगळीकडेच असते. मग पाऊस पडला, आणि आषाढात त्या नव्या कडेच्या तळातून पाणी वाहू लागलं. हळदीसारखं पिवळं. चार महिने वाहिलं.

“ह्या मातीचा पानी कुठनं येता रे?” लवूने विचारलं होतं.

“पानीच ता. वाट काढनारच,” बाबाजी म्हणाला होता.

*

दर्शनाला गाडी आवडली. तिने आजोबांची परीक्षा घेतली: दिवे लागतात का, मागे जाते का, उलटली तर सरळ होते का. मग बाबाजीने तिला दारातून गडग्याकडे नेलं आणि चार पावलं आधी पायाने कातळावर रेघ दाखवली.

“रिमोट घेवन दारातच उभा ऱ्हायाचा. हितनं फुडं गाडी जानार नाय. तू पन जायाचा नाय.”

“पण गाडी का जाणार नाही?”

“तिला ठाव हाय.”

“काय पण आबा!” ती मुंबईची पोर, तिने दारात परत जाऊन आधी गाडी पाठवून खात्री केली. गाडी रेघेवर थांबली. दर्शनाने आजोबांकडे थोड्या आदराने पाहिलं.

चार दिवस बाबाजी खाणीत आणि पोरगी अंगणात. घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढे पडवी, सगळं चिऱ्याचं, शेणाने सारवलेलं. पुढे कातळाचं मोकळं अंगण, मधोमध एक कोकमाचं झाड. प्रेमला, दर्शनाची आजी, चुलीपाशी बसून ऐकत असायची. खडखड आली म्हणजे पोर जागेवर आहे. बाबाजी दुपारी जेवायला आला की ती सांगायची, “जल्ली मेली ती गाडी, माजा डोका उठवलान हिनं. पन पोर गडग्याकडं जात नाय. ह्या एका गोष्टीत तुमाला अक्कल झाली.”

“तुला चाळीस वर्षांत एकच दिसली?”

“दिसली असती तं बोलली असती.”

रविवारी खाण बंद. बाबाजी पडवीत पाय पसरून सुपारी कातरत होता. दर्शनाने वाडीतली दोन पोरं जमवली होती, खालच्या अंगाला राहणाऱ्या हौसाची नातवंडं. गाडी पळत होती. खडखडखड. बाबाजीचा उजवा कान अंगणाकडे होता, पण लक्ष नव्हतं.

“आबा! या ना! इथे ना, डीजे लागतो!”

“काय लागता?”

“डीजे! गाडी इथून गेली की आवाज चेंज होतो. बघा आता.”

गाडी दारातून निघाली. खडखडखड. कोकमाच्या झाडाजवळ पोचली आणि तिच्या चाकांखालून वेगळाच आवाज आला. लांबून वरातीचा ढोल ऐकू यावा तसा, जाड, खालून येणारा. दोन हात असा गेला, मग पुन्हा खडखड.

“आणि उड्या मारल्या की अजून मस्त वाजतं!” दर्शना म्हणाली, आणि तिघंही त्या जागेवर उड्या मारू लागली.

बद्. बद्. बद्.

सुपारी बाबाजीच्या हातातून गळली. त्याला ओरडता आलं असतं. पण ओरडलं की पोरं दचकतात, दचकली की तिथेच उभी राहतात, नाहीतर एकदम उडी मारतात. बेचाळीस वर्षांत त्याने खाणीत एकदाही ओरडून कोणाला बाजूला केलं नव्हतं. तो उठला, सावकाश, घराच्या भिंतीला लागून अंगणाच्या कडेला गेला आणि दर्शनाला हाताने जवळ बोलावलं.

“मना दे गो वायच तो रिमोट.”

“तुम्हाला येणार नाही आबा.”

“मंग शिकव.”

तिने बटण दाखवलं. बाबाजीने गाडी वळवली, आणि ती त्याने गडग्याच्या उलट्या बाजूला, वाडीत उतरणाऱ्या पायवाटेकडे सोडली. “धरा तिला! पळाली ती! जो धरील त्याची!” पोरं किंचाळत गाडीमागे धावली. खडखड पायवाटेवरून खाली गेली, गेली, आणि विसाव्या पावलाला थांबली. तोवर तिघं उतारावर होती.

बाबाजीने चपला काढल्या. कोपऱ्यातली पहार घेतली आणि अनवाणी कोकमापाशी गेला. पहार टाकली नाही. तिचं बूड नुसतं टेकवलं, झोपलेल्या माणसाला जागं करू नये तसं. बद्. एक पाऊल घराकडे. बद्. अजून एक. बद्.

सगळा सडा वाजवत फिरलेला माणूस, पण स्वतःचं अंगण त्याने कधी वाजवलं नव्हतं. कोण वाजवतं? अंगणात माणूस भात वाळवतो, खाट टाकतो.

प्रेमला दारात आली. “काय झाला?”

“पोरीला घे आनि खाली हौसाकडं जा.”

“आता? कालवन चुलीवर हाय.”

“कालवन घेवन जा.”

तिने त्याच्याकडे पाहिलं, मग पहारीकडे, मग त्याच्या अनवाणी पायांकडे. आत गेली, टोप फडक्यात धरून उचलला आणि भिंतीच्या कडेने निघाली. वाटेत एकदा फक्त म्हणाली, “घर पन?”

“ता उद्या बगतंय.”

*

ती रात्र तिघांनी हौसाच्या ओटीवर काढली. सोमवारी उजाडताच बाबाजीने लवूला खाणीच्या तळाला गाठलं. हातात पिवळी गाडी. नवे सेल घातलेली.

“खेळायला बोलवलंस काय सकाळचा?” लवू म्हणाला.

बाबाजी त्याला नव्या कडेच्या तळाशी घेऊन गेला. गेल्या आषाढात पिवळं पाणी जिथून वाहत होतं तिथे एक भोक होतं, गुडघ्याएवढं उंच, आत काळोख. लवू वाकला आणि त्याने हात घातला. खांद्यापर्यंत गेला, तरी काही लागेना. आतली माती पाण्याने सारवल्यासारखी गुळगुळीत होती. आतून थंड वारा त्याच्या तोंडावर आला, तसा त्याने हात काढून घेतला.

“राखनदार,” तो पुटपुटला.

“पानी,” बाबाजी म्हणाला. “माती सगळी वाहून गेली. वर नुसता दगडाचा झाकन ऱ्हायलाय. ह्या बिळाची वाट कुठवर गेलीय ता मना बगायचा हाय. मी वर जातंय. हाक मारली का गाडी आत सोड. दिवे लावून सोड.”

“आनि तू वरनं काय करनार?”

“आयकनार.”

तो वर गेला. कडेशी ओणवा होऊन एक हाक मारली आणि रिमोटचं बटण दाबलं. खाली लवूच्या हातातून गाडी सुटली. दिव्यांचे दोन ठिपके आत गेले, चढणीला लागले, वाकडे झाले आणि दिसेनासे झाले.

वर, बाबाजीच्या तळव्यांखाली, खर्र झालं.

तो चालू लागला. गाडी खाली, तो वर. कुठे ती अडखळे. मग तो बटण सोडून पुन्हा दाबी, मागे घेई, पुढे ढकली, आणि पुन्हा खर्र चालू होई. गडग्यापर्यंत सहा पावलं. गडगा त्याने पोटावर झोपून ओलांडला, चिरे हलू नयेत म्हणून. पलीकडे पुन्हा खर्र. त्याने दर्शनाला पायाने दाखवलेली रेघ मागे राहिली. कोकम आलं. इथे आवाज एकदम मोठा झाला. खाली जागा मोठी असावी, घरातल्या खोलीएवढी. त्या खोलीवर काल तीन पोरं उड्या मारत होती. बाबाजी तिथून चवड्यांवर गेला.

कोकमापाशी संपेल, असं त्याच्या मनात होतं. संपलं नाही. आवाज घराकडे वळला. दहा पावलं. सात. चार. बाबाजीने मान वर केली आणि पडवीत प्रेमला दिसली, मांडी घालून, मांडीवर एक तांबडी कोंबडी.

“तू हितं काय करतंस?”

“कोंबड्या सोडायला आलंय. सगळ्या सोडल्या, ही खुडूक बसलीय, उठत नाय मेली.” आणि मग तिने खाली पाहिलं. शेणाने सारवलेल्या जमिनीकडे. “अवो. ही गाडी कुठं वाजतेय?”

बाबाजीने बटण सोडलं. आवाज थांबला.

त्याने पुन्हा दाबलं. खर्र. तिच्या मांडीखालून.

“ऊठ,” तो म्हणाला. “घाई करू नको. हात टेकून ऊठ. भिंतीला लागून ये. हळू.”

“कोंबडी?”

“आन तिला.”

ती कोंबडी बगलेत मारून भिंतीच्या कडेने आली. पायवाटेवर पोचली तेव्हा खाली बसली आणि कोंबडीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. बाबाजीने गाडी मागे घेऊन पाहिली. आली नाही, कुठेतरी मातीत रुतली होती. खूप वेळ ती तिथेच खर्र करत राहिली. शेवटी त्याने अंगठा उचलला.

*

मालक नऊला जीपने आला. लवूने त्याला खाणीच्या तोंडाशीच सांगितलं होतं.

“बाबाजी, डावा गेला होता, आता उजवाही गेला काय?” तो हसत म्हणाला. “अरे, घरात पोकळ आवाज येतातच. उंदीर असतात. आणि ही रेघ कोणी मारली? मी मारली?”

“मीच मारली,” बाबाजी म्हणाला. “दगड वाजवला व्हता. त्याखालची माती नाय वाजवली. चुकी माजी हाय.”

“मग? अजून चार पावलं तरी निघेल हा दगड. पावसाला तीन आठवडे आहेत.”

“चला ना घरी. पडवीत बसा, चा घ्या. तिथं बसून सांगा, कुठवर कापू ता.”

मालक अंगणाच्या टोकापर्यंत आला. तिथून त्याने पडवी पाहिली, कोकम पाहिलं. बाबाजीने खिशातून रिमोट काढला आणि बटण दाबलं. घराखालून खर्र आलं. मालक जिथे उभा होता तिथून त्याने एक पाऊल मागे घेतलं, मग दुसरं.

“या ना,” बाबाजी म्हणाला. “उंदीर हाय.”

मालक काही पडवीत गेला नाही. जीपपाशी जाऊन त्याने घाम पुसला. “ही बाजू बंद. पश्चिमेकडून सुरू कर. आणि हे बघ, वाडीत उगाच बोंब नको.”

“बोंब कशाला? वाडी माजीच हाय. सांगूनच आलंय सगळ्यांना. सगळ्यांची अंगना वाजवायची हायत संध्याकाळी.”

मालकाने जीपचा दरवाजा जोरात लावला.

प्रेमला अजून पायवाटेवर होती. बाबाजी तिच्याशेजारी उकिडवा बसला. मुलाला, राकेशला, मुंबईला फोन लावला आणि चार वाक्यांत सगळं सांगितलं. पलीकडून राकेशने काहीतरी मोठ्याने विचारलं. बाबाजीने फोन डाव्या कानाला लावला, ऐकू आलं नाही असं केलं आणि ठेवून दिला.

“कौला उतरवू आधी,” तो प्रेमलाला म्हणाला. “छपराचा भार गेला का भिंती कडेकडेनं उतरवता येतील. चिरे आपलेच हायत. खालच्या अंगाला रचू.”

“पावसाआधी व्हईल?”

“नाय झाला तं पाऊस उतरवील.”

“चुलीवर तवा ऱ्हायलाय माजा.”

“ऱ्हावू दे.”

“माज्या आवशीनं लग्नात दिल्याला तवा हाय तो.”

बाबाजीने डोळ्यांनी दारापर्यंतची पावलं मोजली आणि मान हलवली.

तेवढ्यात दर्शना हौसाच्या घरातून धावत वर आली. “आबा, माझी गाडी?”

“खाली हाय.”

“खाली कुठे?”

“घराच्या खाली.”

तिला ते खरं वाटलं नाही. मग आजीचं तोंड बघून वाटलं. “मग रिमोट द्या. मी आवाज ऐकते. मी बाहेर काढते तिला.”

बाबाजीने रिमोट सदऱ्याच्या खिशात खोल ढकलला आणि वरून बटण लावलं. “रिमोट माज्यापाशी ऱ्हानार. हितनं वर पाय टाकलास तं तंगडी मोडीन. आजीचा हात सोडू नको.”

“पण ती माझी आहे!”

“तुजीच हाय.”

पोरगी रडायला लागली. प्रेमलाने तिला ओढून जवळ घेतलं आणि कोंबडी तिच्या हातात दिली. “ही धर. ही पन रिमोटनं चालत नाय मेली.”

बाबाजी उठला. डोक्याला फडकं गुंडाळलं आणि भिंतीच्या, गडग्याच्या लांबून वळसा घालत खाणीत उतरला. लवूने रूळ पश्चिमेच्या कडेला नेऊन ठेवले होते. या कडेवर, वर, वाडीतली दुसरी तीन घरं होती. पण ती लांब होती, दोनशे पावलं तरी. बाबाजीने पहार घेतली. वरच्या दगडावर टाकली. खण्. मग गुडघ्यावर बसला आणि तळातल्या पिवळ्या मातीवर टाकली. कान लावला. पुन्हा टाकली.

“काय बोलते?” लवूने विचारलं.

“अजून काय बोलत नाय.”

त्याने चुना घेतला. या वेळी रेघ ओढायला त्याने बराच वेळ लावला, आणि ओढली ती लवूच्या अंदाजाच्या निम्म्यावरच. मग मशीन सुरू केलं. पातं दगडात शिरलं, तांबडी धूळ उडाली. दोन चिरे कापून झाले आणि त्याने मशीन बंद केलं. उजवा कान वाडीकडे करून उभा राहिला.

“आता काय?” लवू ओरडला.

“काय नाय.”

“मंग चालू कर ना.”

बाबाजीने खिशाचं बटण चाचपलं, फडकं नाकावर ओढलं आणि मशीन चालू केलं.